चावला तरी काही होत नाही म्हणे!

मंडळी, आजचा लेख जरा कडू आहे. शनिवारची सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि डोक्यात गुरुवारपासून एकच वाक्य फिरतंय: "चावला तरी काही होत नाही रे!"

झालं असं. गुरुवारी लंचला आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने मोबाईल पुढे केला. व्हिडिओत त्याचा पाळलेला बॉल पायथन. हा फटकन हात पुढे करतो, साप फटकन चावतो, हातावर टाचण्या टोचल्यासारखे रक्ताचे बारीक ठिपके, आणि हा कॅमेऱ्याकडे बघून हसतो. खाली तेच वाक्य. टेबलावर हशा, टाळ्या. एकीने तर विचारलं, "किती क्यूट आहे, कुठे मिळतो?" मी डबा बंद करून उठलो. सगळ्यांना वाटलं, घाबरला बिचारा.

तर आधी दोन डिस्क्लेमर.

एक, मी सापाला घाबरणारा माणूस नाही. माझं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. हळद, सोयाबीन, कापूस आणि साप, चारही भरपूर. शेजारच्या तालुक्याला औंढा नागनाथ. आमच्या ज्योतिर्लिंगाच्या नावातच नाग आहे हो! लहानपणी धामण, धोंड्या, गवत्या रोजचेच.

दोन, हाच साप मला चावलेला आहे. म्हणजे याच जातीचा, दुसऱ्या एका मित्राचा. आणि तेव्हा मीही अगदी असाच हसलो होतो. त्या हसण्याचा हिशोब पुढे येईलच.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. पूर्ण वाढला तरी साधारण ३ ते ५ फूट. बिनविषारी. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून 'बॉल'. नीट सांभाळला तर २०-३० वर्षं जगतो. म्हणजे तुमच्या होमलोनपेक्षा जास्त टिकतो.

तो दोन प्रकारे चावतो. पहिलं म्हणजे घाबरून: झटकन चावायचं, झटकन सोडायचं. 'लांब हो' एवढाच निरोप. दुसरं म्हणजे जेवण समजून: धरायचं, सोडायचं नाही, वर वेटोळं घालायचं. या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. अंधारात त्याला गरम काहीतरी हललेलं कळतं, आणि वास तो जिभेने घेतो. म्हणजे उंदराचा वास अधिक गरम हलणारी वस्तू बरोबर जेवण. एवढं साधं लॉजिक. त्यात तुमचं नाव, तुमचं प्रेम, 'याला मी लहानाचा मोठा केलाय' यांपैकी कुठलाच व्हेरिएबल नाही.

माझं नेमकं तेच झालं. मित्राने फ्रीजरमधला उंदीर कोमट पाण्यात ठेवला होता (आइस्क्रीमच्या डब्याशेजारी राहणारा उंदीर, त्याची बायको काय बोलत असेल कल्पना करा). ते भांडं मी उचलून दिलं आणि तसाच, हात न धुता, काचेच्या पेटीत हात घातला. सापाने अंगठ्याच्या खाली धरलं आणि मनगटाला दोन वेढे घातले. मी ओढायला गेलो तर मित्र ओरडला, "ओढू नको!" कारण दात आतल्या बाजूला वळलेले असतात. ओढलं की आपली कातडी फाटते आणि त्याचे दात तुटून आपल्या हातात राहतात. त्याने माझा हात सापासकट थंड पाण्याच्या नळाखाली धरला, तेव्हा कुठे सुटला. साबणाने धुतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. संपलं. खरंच काही झालं नाही.

इथपर्यंत साप पाळणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही. हा चावा किरकोळच. भांडण पुढच्या दोन गोष्टींवर आहे.

पहिली गोष्ट: 'काही होत नाही' हे कोणाला? तुम्हाला. सापाला होतं.

खाऊ घालताना होणाऱ्या ज्या गमतीजमती हे लोक चवीने सांगतात, त्या जरा सापाच्या बाजूने ऐका. जिवंत उंदीर सोडला आणि सापाला भूक नसली, तर उंदीर सापाला कुरतडतो. पाठीवर, तोंडावर, डोळ्याजवळ. जखम चिघळते. साप ओरडत नाही, कण्हत नाही, त्यामुळे मालकाला कधीकधी दुसऱ्या दिवशी कळतं. उंदीर फार मोठा दिला, किंवा पेटी पुरेशी गरम नसली, किंवा जेवल्यावर दोन दिवसही दम न धरता पाहुण्यांना दाखवायला उचलला, की साप ते अख्खं उलटून टाकतो. सापाला उलटी म्हणजे आपल्यासारखं 'बाहेरचं बाधलं' नव्हे. त्याचं शरीर त्यात खचतं, आणि पुन्हा पुन्हा झालं तर मरतो. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे उपास. बॉल पायथन महिनोन् महिने न खाता राहू शकतो, विशेषतः विणीच्या हंगामात. ते त्याच्यासाठी नॉर्मल. मालक मात्र घाबरून त्याचा जबडा उघडून उंदीर कोंबतो. त्यात तोंडाला जखम, जखमेत पू. मग डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजराचे डॉक्टर पुण्यात गल्लोगल्ली आहेत, सापाचं तोंड उघडून बघणारे किती? मोजा एका हाताच्या बोटांवर.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, युजर एरर. मी आजवर साप चावल्याचे जेवढे किस्से ऐकले त्यात एकही बग सापाचा नव्हता. हात न धुता आत घातला. चिमटा असून बोटाने उंदीर धरला. कात टाकायला आल्यावर त्याचे डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही, तेव्हाच उचलला. रीलसाठी मुद्दाम डिवचला. प्रत्येक वेळी स्पेसिफिकेशनप्रमाणे वागला तो साप, आणि व्हिडिओत हिरो ठरला तो माणूस!

आणि 'त्याला माझा लळा लागलाय' हे तर थांबवाच. तो तुमच्या गळ्यात शांत पडतो कारण तुमचं अंग ३७ डिग्री आहे आणि त्याला ऊब हवीये. बस्स. सापाला लळा असायची गरजच नाही, लळ्याशिवायही तो पुरेसा सुंदर जनावर आहे. पण आपल्याला प्रत्येक जनावरात आपलाच फोटो बघायचा असतो.

हे वाचून गावाकडची मंडळी हसत असतील तर त्यांनीही थांबावं. नागपंचमीला दूध कोण पाजतं? साप दूध पीत नाही. तो शुद्ध मांसाहारी, दूध त्याला पचत नाही. गारुडी त्याला आधी दिवसेंदिवस तहानलेला ठेवतो, म्हणून तो समोर येईल ते पितो. ते दूध फुप्फुसात जातं, साप आजारी पडून मरतो. पूजेसाठी आणलेल्या नागांचे दात उपटलेले, कधी तोंडं शिवलेली असतात. आमच्या आजीनेही टोपलीतल्या नागापुढे दुधाची वाटी ठेवलेली आहे, आणि ती माऊली मुंगीलाही जपून पाऊल टाकायची. भक्तीत खोट नव्हती, माहितीत होती. तिकडे वाटीतलं दूध, इकडे जबड्यात कोंबलेला उंदीर. दोन्हीकडे आपल्या समाधानासाठी सापाच्या तोंडात काहीतरी घालायची घाई. फरक एवढाच, आजीकडे गुगल नव्हतं. तुमच्याकडे आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि खरं म्हणजे याचसाठी लिहायला बसलो.

मला साप चावला त्या रात्री मी हाताचा फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. सोबत पेटीतल्या सापाचा फोटो. खाली लिहिलं, "अजगर चावला. काही होत नाही." शहाणपणा! मावश्यांनी हात जोडले, मामीने 'जप रे बाळा' लिहिलं, आणि मामाच्या धाकट्याने (तेव्हा बारावीत होता) अंगठे पाठवले. दादा म्हणजे त्याचा हिरो.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या आधी, सोयाबीन काढून शेतात सुडी लावलेली होती. मळणी यंत्र यायचं म्हणून पोरगा सकाळी ताडपत्री काढायला गेला. खाली वेटोळं करून बसलेला, तपकिरी, अंगावर गडद ठिपके, जाडसर, दीड हाताचा साप. पोराला वाटलं अजगराचं पिल्लू. मोबाईलवर फोटो काढला, मला पाठवायला म्हणून उचलायला गेला, आणि बोटाला चावलं.

ती घोणस होती. आमच्याकडे परड म्हणतात.

आता ऐका. पोरगा घाबरला नाही. बोट धुतलं, फडकं बांधलं आणि मामीला म्हणाला, "अजगर हाय, काही होत नसतंय. दादाला बी चावला होता." आणि कामाला लागला. दोन तास! दोन तासांनी हात कोपरापर्यंत सुजला आणि चूळ भरली तर रक्त आलं. तेव्हा मामाने मोटारसायकल काढली, पोराला मध्ये बसवलं, मागे शेजारी. कोणीतरी वाटेत म्हणालंच, आधी देवळात नेऊन लिंबाचा पाला खायला द्या. मामाने ऐकलं नाही. त्या माणसाचे उपकार कसे फेडू कळत नाही.

दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत त्याचं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. साधी टेस्ट, ना मशीन लागतं ना लॅब. चांगलं रक्त तेवढ्यात गोठतं. त्याचं गोठलं नाही. पाण्यासारखं इकडून तिकडे हललं. घोणसचं विष रक्ताची गोठायची ताकद संपवतं, आणि मग मूत्रपिंडावर येतं. सर्पविषावरची लस सुरू करून त्याला नांदेडला हलवलं. तिथे मोठ्या दवाखान्यात बारा दिवस, चार डायलिसिस. मी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेलो. मामी बाहेर बाकावर बसली होती. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाळा, तूच तर लिहिलं होतंस ना, काही होत नसतंय म्हून?"

पोरगा वाचला. बोट वाकडं राहिलं. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाला, "दादा, मला वाटलं तुझ्यावालाच हाय."

मंडळी, या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आता तुम्ही म्हणाल, तुझ्या भावाने साप उचलला, त्यात आमचा बॉल पायथन कुठे आला? बरोबर. मीही स्वतःला बरेच दिवस हेच सांगत होतो. पण आपण प्रोग्रॅमर लोक. फंक्शनचं इनपुट काय असायला हवं ते न लिहिता नुसतं 'रिझल्ट: ओके' लिहून दिलं आणि दुसऱ्याने ते भलत्या इनपुटवर चालवलं, तर रिव्ह्यूमध्ये शिव्या कोण खातं? खरं पूर्ण वाक्य असं होतं: 'पेटीतला, माहितीतल्या जातीचा, बिनविषारी साप चावला तर काही होत नाही.' मी त्याचा पुढचा भाग कापला आणि मागचा तेवढा गावाला पाठवला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये टेस्ट केलेलं वाक्य हिंगोलीच्या शेतात जाऊन प्रॉडक्शनमध्ये चाललं.

आणि ते शेत कसलं आहे याचे आकडे बघा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिलियन डेथ स्टडी'च्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये. चौथाईहून जास्त पंधरा वर्षांखालची लेकरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. ज्या देशात हे चाललंय तिथे 'साप चावला, हाहाहा' हा विनोद होऊ शकत नाही. निदान ज्याचं अर्धं खानदान शेतात उभं आहे त्याने तरी तो करू नये.

आता नेहमीचे मुद्दे.

'कुत्रेही चावतात की!' चावतात. म्हणूनच कुत्रा चावला तर आपण इंजेक्शन घ्यायला पळतो. कुत्रा चावल्यावर कोणी 'काही होत नाही' असं रील टाकतं का? टाकलं तर घरचे कानफटात देतील.

'आम्ही लोकांची सापाची भीती घालवतो, ही जनजागृती आहे.' हा मुद्दा मी मनापासून मानायचो, म्हणून जास्त लागतो. भीती घालवणं आणि माहिती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या भावाची भीती गेली होती, माहिती आली नव्हती. नुसती भीती असती तर तो लांब उभा राहिला असता. खरी जागृती करायची असेल तर धामणीवर बोला ना! शेतातले उंदीर फुकटात खाणारी धामण आमच्याकडे दिसली की काठी निघते. शहरात आपण उंदीर विकत आणून आफ्रिकेच्या सापाला भरवतो, आणि गावात उंदीर खाणाऱ्या आपल्याच सापाला ठेचतो. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

'आमचं सगळं कायदेशीर आहे.' असेल तर चांगलंच. आपला देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांसाठी जून २०२० मध्ये स्वतःहून माहिती द्यायची सवलत आली, कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी करायला सहा महिने दिले. पण कागद म्हणजे उगम नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन सापडले होते. 'कुठे मिळतो?' विचारणाऱ्या आमच्या टेबलावरच्या मुलीला हेही उत्तर मिळायला हवं. बिस्किटाच्या पुड्यात मिळतो, ताई.

मग माझं म्हणणं काय?

नवीन साप आणू नका. हौस असेल तर कॅमेरा घ्या, पावसाळ्यात एखाद्या जाणकार सर्पमित्राबरोबर फिरा आणि लांबून बघा. आधीच घरात असेल तर सोडून देऊ नका, आफ्रिकेचा साप मुळशीच्या रानात सोडणं हा दुसरा गुन्हा. त्याला नीट सांभाळा. मेलेला उंदीर, लांब चिमट्याने. आधी हात धुवा, नंतरही धुवा (सापाच्या अंगावर साल्मोनेला असतो, घरात लहान मूल असेल तर त्याच्या हातात साप देऊच नका). जेवल्यावर दोन दिवस हात लावू नका. खात नसेल तर आधी पेटीचं तापमान बघा, जबडा नाही. आणि चावलाच, तर धुवा, औषध लावा, आणि गप्प बसा. तो तुमचा पराक्रम नाही, तुमची चूक आहे. चुकीचं रील करत नाहीत.

आणि गावाकडच्या ग्रुपवर पाठवायचंच असेल तर हे पाठवा. साप कुठलाही असो, ओळखायच्या फंदात पडू नका, पकडायला-मारायला जाऊ नका. चावलं की अंगठी, कडं काढा, तो हात-पाय हलवू नका, घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. थेट दवाखाना. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, ती फक्त दवाखान्यातच मिळते, देवळात नाही. रात्री बॅटरी, शेतात बूट, झोपताना मच्छरदाणी. सुडीखाली हात घालण्याआधी काठी.

हा मजकूर रीलइतका चालणार नाही, मला माहीत आहे. मी पाठवला तेव्हा आमच्या ग्रुपवर तीन अंगठे आले. त्यातला एक, वाकड्या बोटाच्या हाताने दाबलेला होता.

असो. चहा गार झाला. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकं लिहीन, वचन.

ता. क. लंच टेबलवरच्या त्या मुलाला हा लेख पाठवलाय. अजून उत्तर नाही. व्हिडिओ मात्र सकाळपासून दिसत नाहीये. बघू.